आईच्या दाढेवर कॅप: मेटल-सिरॅमिक, झिरकोनिया की पूर्ण धातूची?

देवगड_सडा

नमस्कार मंडळी. आईच्या (वय ६६) खालच्या उजव्या बाजूच्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल गेल्या सोमवारी पूर्ण झालं. आता कॅप बसवायची आहे, आणि कसली बसवायची यावर घरात चार दिवस नुसती चर्चा चालू आहे.

संक्रांतीनंतर एकदा तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. कितीही पाणी बदला, एखादीच्या पोटात वाळू राहतेच. कचकन आवाज झाला. आईने घास बाहेर काढला, त्यात दाढेची आख्खी भिंत होती, जिभेकडची. तो तुकडा पदराला पुसून तिने माझ्या हातावर ठेवला, अर्ध्या चिंचोक्याएवढा. त्या बाजूला दाढ आता जवळजवळ हिरडीपर्यंत गेली आहे. बाकीच्या तीन बाजू शाबूत आहेत, पण झिजून बुटक्या झाल्या आहेत.

डॉक्टरांनी तीन भाव सांगितले. मेटल-सिरॅमिक (आत धातू, वरून पोर्सेलेनचा म्हणजे चिनीमातीसारखा थर) ४,५०० रुपये. झिरकोनिया (धातू नसलेली, कडक पांढरी सिरॅमिक) ९,०००, दहा वर्षांची वॉरंटी. आणखी एक झिरकोनिया १४,०००, पंधरा वर्षांची वॉरंटी. ‘ठरवून सांगा’ म्हणाले. पुण्याचा भाचा फोनवर सांगतो की ई-मॅक्सच (काचेसारख्या सिरॅमिकची कॅप) घ्या, त्याच्या ऑफिसात सगळे तीच घेतात. शेजारच्या काकींची पूर्ण धातूची आहे, त्या म्हणतात खर्च कशाला करता. बाबांचं म्हणणं सोन्याची घाला, कारण आईला सोन्याशिवाय काही सोसत नाही; बेन्टेक्सच्या कुड्या दोन दिवस घातल्या तरी कान चिघळतात.

आई मात्र एवढंच म्हणते: ‘माका कुर्ल्यो खावक व्हयेत, कॅप कसलीय घाला.’ कुर्लीची नांगी ती आजही दाढेनेच फोडते. जेवणानंतर पान लागतं, सुपारी अडकित्त्याने बारीक कातरलेली.

पैसे तिचे आहेत. मी देतो म्हटलं तर ऐकत नाही. दोन मे महिने आमसुलं करून विकली, त्यातून साठवलेले आहेत. म्हणून विचारतोय. तिच्या पैशांत माझ्या अज्ञानामुळे चूक व्हायला नको. गरज पडली तर गोव्यात बांबोळीच्या डेंटल कॉलेजलाही नेईन. ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

बागायतदार_श्रीवर्धन

मी ७१ वर्षांचा. सुपारीची बाग आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने निम्म्याहून जास्त झाडं आडवी केली, आता नवी लावली आहेत. सांगायचा मुद्दा, सुपारी खाणाऱ्या माणसाचा अनुभव म्हणून हे वाचा.

माझ्या वरच्या डाव्या दाढेवर १९९८ साली पूर्ण धातूची कॅप बसवली. आज इतकी वर्षं झाली, अजून जागेवर आहे. वरून घासून चकचकीत झाली आहे, बाकी काही नाही. तिच्या पुढच्या दाढेवर २००६ साली मेटल-सिरॅमिक बसवली, कारण ती हसताना दिसते. चौथ्या वर्षी सुपारी चावताना तिचा टवका उडाला. दुखलं नाही, पण उडालेल्या जागेची धार जिभेला इतकी लागायची की महिनाभर नीट बोलता येईना. पुढे हिरडी वर सरकली आणि कॅपच्या काठाला काळी रेघ दिसायला लागली. ती रेघ आतल्या धातूची, असं डॉक्टरांनी सांगितलं.

धातूच्या कॅपसाठी दात कमी घासावा लागतो, हा तिचा मोठा फायदा. बुटक्या दाढेला तो उपयोगी पडेल. तुमच्या आईंची दाढ मागची आहे, कोण बघणार आहे? माझं मत पूर्ण धातूचं.

नदीकाठ_चिपळूण

ई-मॅक्सबद्दल लिहिते, कारण माझ्या तोंडात आहे. कुंभार्ली घाटात स्कूटरवरून पडले तेव्हा वरच्या दोन पटाशा तुटल्या. एकीचं रूट कॅनाल झालं आणि ती आतून काळसर पडत गेली. मला ई-मॅक्सच हवी होती. डॉक्टरांनी समोर आरसा धरून दाखवलं की हे मटेरियल काचेसारखं आहे, उजेड आत जातो, म्हणून तर खऱ्या दातासारखं दिसतं. पण खालचा दात काळा असेल तर तो काळेपणाही वर येतो. शेवटी चांगल्या रंगाच्या दातावर ई-मॅक्स, आणि काळसर दातावर आत अपारदर्शक झिरकोनिया घेऊन वरून पोर्सेलेन. दोन्ही एकाच लॅबमध्ये, रंग जुळवायला मी स्वतः उजेडात बसून आले.

पटाशीने आपण तुकडा तोडतो, दाढेने दळतो. भाच्याच्या ऑफिसातल्या लोकांनी कुठल्या दाताला बसवली ते आधी विचारा.

मापवाला_कुडाळ

मी डॉक्टर नाही. डेंटल लॅबमध्ये १७ वर्षं काम करतोय. तुमच्या तोंडातून घेतलेलं माप, म्हणजे दातांचा साचा, आमच्याकडे येतं आणि कॅप आमच्या टेबलावर तयार होते. त्यामुळे जे रोज हातात येतं तेवढंच लिहितो, पण जरा लांबेल.

पहिली गोष्ट, बेन्टेक्सच्या कुड्या. तुम्ही ते बाबांच्या नावावर सहज लिहिलंत, पण तुमच्या सगळ्या प्रश्नात मला तेच महत्त्वाचं वाटलं. नकली दागिन्यांनी कान चिघळतात ते बहुतेक वेळा निकेलमुळे. आणि स्वस्तातली मेटल-सिरॅमिक कॅप, तशीच पूर्ण धातूचीही, बऱ्याचदा निकेल-क्रोमियमवर केलेली असते. हे डॉक्टरांना सांगितलंय का? नसेल तर उद्याच सांगा. तोंडात त्रास होईलच असं नाही, पण धोका कशाला घ्यायचा. धातूच घ्यायचा झाला तर निकेल नसलेला कोबाल्ट-क्रोमियम मिळतो, लॅबला तसं चिठ्ठीवर स्पष्ट लिहून द्यावं लागतं. बाबांचं सोन्याचं म्हणणं चुकीचं नाही. सोन्याचं मिश्रधातू समोरच्या दाताला फार सांभाळून घेतं आणि काठाला सुरेख बसतं. फक्त आजच्या भावाने ती कॅप कुणाला परवडत नाही, आमच्याकडे वर्षानुवर्षं मागणी आलेली नाही.

आता झिरकोनिया. हा एकच शब्द बाजारात दोन-तीन वेगळ्या वस्तूंना वापरतात, आणि घोळ तिथेच होतो. झिरकोनियाची गोल चकती येते, साधारण ९८ मिलिमीटर व्यासाची. भट्टीत जाण्याआधी ती खडूसारखी असते, सुरीने खरवडली तर पांढरी भुकटी पडते. मशीन त्यातून कॅप कोरतं तेव्हा ती खऱ्या मापापेक्षा वीस-पंचवीस टक्क्यांनी मोठी असते. मग दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास भट्टीत घालतात आणि ती आकसून बरोबर मापाला येते. संध्याकाळी बोराएवढी ठेवलेली दाढ सकाळी खऱ्या दाढेएवढी होऊन निघते. इतकी वर्षं झाली तरी भट्टीचं दार उघडताना मला बरं वाटतं. मध्येच लाइट गेली तर ती खेप टाकून द्यायची. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आम्ही कितीतरी दिवस भट्टी लावलीच नाही, पेशंटना थांबायला सांगितलं.

ताकद मेगापास्कलमध्ये मोजतात. अपारदर्शक, जरा पांढरट दिसणारं झिरकोनिया हजाराच्या आसपास किंवा वर जातं. दिसायला जास्त छान, उजेड आत घेणारं झिरकोनिया असतं, त्याची ताकद त्याहून बरीच कमी, पाचशे ते आठशेच्या दरम्यान. ई-मॅक्स चारशे-पाचशे. मेटल-सिरॅमिकच्या वरचं पोर्सेलेन शंभराच्या आतबाहेर, म्हणून श्रीवर्धनच्या काकांचा टवका उडाला. आतला धातू काही मोडला नव्हता, वरचा थर सुटला. झिरकोनियावर पोर्सेलेन चढवून केलेली कॅपही तशीच टवकते.

म्हणून डॉक्टरांना विचारा की चौदा हजारवाली कुठल्या जातीची आहे. जास्त पारदर्शक असेल तर मागच्या दाढेसाठी तुम्ही पैसे जास्त देऊन ताकद कमी घेताय. मला विचाराल तर कुर्ल्या फोडणाऱ्या दाढेला एकाच तुकड्यातली, वरून पोर्सेलेन न चढवलेली, अपारदर्शक जातीची झिरकोनिया. तिला मोनोलिथिक किंवा फुल झिरकोनिया म्हणतात. ती चावायच्या बाजूला साधारण एक मिलिमीटर जाडीत होते. मेटल-सिरॅमिकला दीड ते दोन लागतात, कारण धातूवर पोर्सेलेन मावायला हवं. बुटक्या दाढेवरून तेवढं घासलं तर कॅपने धरायचं कशाला? अशा दाढांच्या कॅपा जेवताना निघून हातात येतात.

पण खरं सांगू, मटेरियल मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. पहिला नंबर काठाचा. माप आलं की आम्ही त्यात दगडी प्लास्टर ओततो, दाढ वेगळी कापून काढतो आणि जिथे डॉक्टरांचं घासणं थांबलं तिथे लाल पेन्सिलने बारीक रेघ ओढतो. कॅप त्या रेघेवर संपली पाहिजे. माप चांगलं असेल तर रेघ आपोआप चालते, पेन्सिल टेकवली की कडा सापडत जाते. माप वाईट असेल तर एखाद्या बाजूला, बहुतेक वेळा जिभेकडे, हिरडी आणि दात यांची सरमिसळ झालेली असते. तिथे रेघ अंदाजाने ओढावी लागते. मी ओढत नाही, फोन करून माप परत मागवतो. पण पेशंटला घाई, डॉक्टरांना घाई, सगळ्याच लॅबमध्ये ते होत नाही. अंदाजाच्या रेघेवर केलेली कॅप सोन्याची असो की झिरकोनियाची, काठाखाली अन्न अडकतं आणि दाढ आतून किडते. तुमच्या आईची दाढ नेमकी जिभेकडेच हिरडीपर्यंत तुटली आहे. तिथली रेघ मिळवणं अवघड जाणार.

आणखी एक. आमच्याकडे अर्धी मापं एसटीच्या पार्सलने येतात. चांगल्या जातीच्या रबर बेसचं (सिलिकॉनच्या रबराचं) माप दोन दिवस गाडीत फिरलं तरी जसंच्या तसं राहतं. अल्जिनेटचं, ते गुलाबी पावडर पाण्यात कालवून घेतात ते, तासाभरात सुकून आकसायला लागतं, आणि पाण्यात ठेवलं तर फुगतं. ते तिथल्या तिथे प्लास्टर ओतायला ठीक, कुडाळपर्यंत पाठवायला नाही. डॉक्टरांकडे तोंडात फिरवायचा स्कॅनर असेल तर हा प्रश्नच नाही. तर विचारा की माप कशाने घेणार. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

देवगड_सडा

मापवाले दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. कुड्यांचं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. आम्हालाच त्याचा दाताशी संबंध असेल असं वाटलं नाही. सकाळी फोन केला, त्यांनी लगेच पेपरवर लिहून घेतलं आणि मेटल-सिरॅमिकचा विषय बंद केला. चौदा हजारवाली जास्त पारदर्शक जातीचीच आहे, दिसायला चांगली म्हणून महाग, असं त्यांनीच सांगितलं.

आता एक शंका. झिरकोनिया इतकी कडक, तर वरची खरी दाढ झिजवणार नाही का? आईची वरची दाढ एकदम चांगली आहे. ती खराब झाली तर काय उपयोग?

दाते_बघणारी_सावंतवाडी

मी दंतवैद्य आहे, बावीस वर्षं प्रॅक्टिस. कुडाळच्या दादांनी काठाबद्दल जे लिहिलं त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. डॉक्टरांच्या हातचं काम लॅबवाल्याला आमच्यापेक्षा स्पष्ट दिसतं.

झिजण्याबद्दल: समोरचा दात खातं ते खडबडीत झिरकोनिया. आरशासारखं पॉलिश केलेलं झिरकोनिया वरच्या दाढेला त्रास देत नाही. गडबड बसवताना होते. कॅप उंच लागली की डॉक्टर रंगीत कागद चावायला देतात, जिथे गडद ठिपका उठेल तिथे घासतात. घासलेली जागा खरखरीत होते. तिथे झिरकोनियाच्या खास रबरांनी पुन्हा पॉलिश केलंच पाहिजे. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि थकलेल्या संध्याकाळी तेच राहून जातं. तुम्ही समोर असाल तर आठवण करा, निःसंकोच.

बुटकी आणि जिभेकडे तुटलेली दाढ याबद्दल जास्त काळजी वाटते. कॅपच्या काठाने खऱ्या दाताची दीड-दोन मिलिमीटर उंचीची भिंत चहूबाजूंनी कवेत घ्यायला हवी. नुसत्या भरलेल्या सिमेंटवर कॅप उभी राहिली तर जोर सिमेंटवर येतो आणि एक दिवस कॅप, सिमेंट सगळं एकत्र बाहेर येतं. तुमच्या डॉक्टरांना विचारा की जिभेकडे तेवढी भिंत मिळते का. मिळत नसेल तर त्या बाजूची हिरडी थोडी खाली घेण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात, ती भरू देतात आणि मग माप घेतात. त्यात काही आठवडे जातात. तोवर तात्पुरती कॅप हवी, आणि त्या बाजूने कडक काही खायचं नाही. रूट कॅनाल झालेली दाढ उघडी ठेवून महिनोन् महिने फिरणारे पेशंट मी बघते. एक दिवस दाढ उभी चिरते, मग ती काढावीच लागते. ते दुःख मला फार होतं, कारण टाळता आलं असतं.

बुटक्या दाढेवर झिरकोनिया चिकटवायला साध्या सिमेंटपेक्षा रेझिन सिमेंट घ्यावं, आणि आतून वाळूचा झोत मारून खास प्रायमर (सिमेंटने पकड घ्यावी म्हणून आधी लावायचा थर) लावावा. ई-मॅक्स आम्लाने आतून खरखरीत करता येते, झिरकोनिया तशी होत नाही, म्हणून ही वेगळी पद्धत.

वॉरंटीचं कार्ड सांभाळून ठेवा, पण ते कॅपच्या मटेरियलचं असतं. खालची दाढ किडली तर कार्ड उपयोगाचं नाही. दहा वर्षं आणि पंधरा वर्षं यावर पाच हजार रुपये जास्त देऊ नका, त्या पैशांत वर्षातून दोनदा तपासणी करा.

आणि आई रात्री दात चावतात का, ते बाजूला झोपणाऱ्याला विचारा. दाढा बुटक्या झाल्यात म्हणालात म्हणून. चावत असतील तर कॅप कुठलीही असो, रात्री लावायचा गार्ड लागेल. बांबोळीला न्यायची गरज मला दिसत नाही, पण हिरडीचं काम तुमचे डॉक्टर स्वतः करत नसतील तर तिथे ते नक्की होईल.

बागायतदार_श्रीवर्धन

निकेलचं मला माहीत नव्हतं. तुमच्या आईंसाठी माझा सल्ला मागे घेतो. माझ्या सुनेलाही नकली दागिने सोसत नाहीत, आज तिला हे वाचून दाखवलं.

देवगड_सडा

पाच आठवड्यांनी लिहितोय, उशिराबद्दल माफ करा.

सावंतवाडीच्या मॅडमचं खरं निघालं. जिभेकडे भिंत अर्धा मिलिमीटरसुद्धा मिळत नव्हती. आमच्या डॉक्टरांनी कणकवलीहून हिरडीचे डॉक्टर बोलावले, हिरडी खाली घेतली, दोन टाके पडले. त्याचे ३,००० वेगळे लागले. ते मी दिले. आईला वाटतंय की कॅपच्या पैशांतच होतं. चार आठवडे तात्पुरती कॅप होती, तेवढे दिवस आईने पेज आणि मऊ भात डाव्या बाजूने खाल्ला. बाबांना विचारलं तर म्हणाले, रात्री ती दात करकरवते, चाळीस वर्षं ऐकतोय. आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणून कधी सांगितलं नाही.

माप रबर बेसने घेतलं. डॉक्टरांना विनंती केली की मॉडेल बघायचं आहे. त्यांनी लॅबमधून कॅपबरोबर मागवलं. हातात घेतलं तर आईची दाढ प्लास्टरची, आणि तिच्या पायथ्याशी लाल पेन्सिलची रेघ चहूबाजूंनी, कुठेही तुटलेली नाही. जिभेकडची बाजू मी उजेडाला धरून दोनदा बघितली. आईला दाखवली. तिने बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, ‘ही माजी?’

नऊ हजारवाली, एकाच तुकड्यातली झिरकोनिया बसली. बसवताना वरच्या बाजूला एक गडद ठिपका आला, तेवढं घासलं. मी आठवण करायच्या आधीच डॉक्टरांनी पॉलिशची रबरं काढली. रात्रीच्या गार्डचं मापही त्याच दिवशी दिलं.

काल कुर्ल्या आणल्या होत्या. नांगी आईने पाट्यावर वरवंट्याने फोडली. डॉक्टरांनी दाताने फोडायला मनाई केली आहे आणि ती ऐकते आहे. आतलं मांस मात्र उजव्या बाजूने चावलं. पुढची तपासणी गणपतीच्या सुमारास आहे, काठाचा एक्स-रे काढणार आहेत. तेव्हा इथेच लिहीन.